पैलवाडीला दोन वाटे

गाडी पंचायतीसमोर थांबली आणि भोगलेसाहेब माझ्या कानाशी लागून म्हणाले, “तेंडोलकरबाई, गाव कुठं गेलं?”

मी काचेतून पाहिलं. पंचायतीच्या दाराला कुलूप. समोरच्या घराचं दार ओढून घेतलेलं, कडीत आंब्याची डहाळी खोचलेली. खळ्यात कोंबडी नाही, दांडीवर धुणं नाही, सकाळचे अकरा वाजले तरी एकाही कौलावर धूर नाही. माडांच्या सावल्या तेवढ्या शेणानं सारवलेल्या अंगणातून इकडून तिकडे फिरत होत्या, जणू त्यांच्यावरच घर सोपवून माणसं कुठंतरी गेली होती.

पुढच्या सीटवरून डॉ. फुकन उतरले. उंच, पाठीत किंचित वाकलेले, खांद्याला कापडी पिशवी. मूळचे आसामचे, पण त्या वर्षी ते दिल्लीहून आले होते. दर पाच वर्षांनी दिल्लीत एक आयोग नेमला जातो. देशभरातून जमलेल्या करांतलं कुठल्या राज्याला किती, आणि त्यातून खेड्यापाड्यांपर्यंत किती, हे तो आयोग ठरवून देतो. फुकनसाहेब त्याचे एक सदस्य. राज्याराज्यांतून फिरताना एखादं गाव स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा हट्ट होता.

आणि ते गाव खारवणे असावं हा हट्ट माझा.

मी तेव्हा जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयात, भोगलेसाहेबांच्या हाताखाली संशोधन सहाय्यक होते, वय सव्वीस. राज्यानं आयोगाला द्यायच्या निवेदनात एक परिच्छेद माझा होता. खारवण्याचे दोन तुकडे आहेत. अलीकडे गाव, मध्ये खाडी, पलीकडे पैलवाडी. पैलवाडीत बावीस घरं, एकशे तीस माणसं. खाडीवर साधा साकव, म्हणजे पायी जायचा पूलसुद्धा नाही. होडीनं यायचं, नाहीतर अकरा किलोमीटरचा वळसा. साकवाचा प्रस्ताव दोनदा परत आला होता, दोन्ही वेळा एकच शेरा: लोकसंख्या कमी. माणसं मोजून पैसे मिळतात, मग माणसंच थोडी आणि लांब असली तर त्यांनी काय करायचं, एवढंच मी चार ओळींत लिहिलं होतं. आता दिल्लीचा माणूस दारात उभा होता आणि दाराला आंब्याची डहाळी.

ती डहाळी पाहिली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

“साहेब,” मी म्हटलं, “गावपळण आहे.”

“पळण? कोण पळालं?”

“सगळा गाव. दर तीन वर्षांनी देवाचा कौल घेऊन गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी राहत नाही. गाव तेवढे दिवस देव-देवीचं.”

भोगलेसाहेब साताऱ्याकडचे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे सगळं मीच काल संध्याकाळी रचलंय. “आमच्याकडं देवाला माणसं जमतात हो. तुमच्याकडं देव माणसं हाकलतो?”

“काल परतायची होती. देवाला लावलेली फुलाची पाकळी उजवी पडली तरच परतायचा कौल. तो मिळाला नसेल.”

“अहो, पण आपलं पत्र तीन आठवडे आधी गेलंय! सहीशिक्क्यानं!”

“पत्र सरपंचांना गेलं, साहेब. देवाला नाही.”

वेशीबाहेरचा सडा, कातळाचं मोकळं पठार, तिथून दीड मैलावर. गाडी चढ चढून वर आली आणि मी बघतच राहिले. काळ्या कातळावर मार्गशीर्षातलं पिवळं गवत, आणि त्यावर झावळांच्या नव्वद-शंभर राहुट्या, पाखरांनी एका रात्रीत घरटी बांधावीत तशा. तीन दगडांच्या चुली, चुलींवर मडकी, खुंट्यांना गुरं, टोपल्यांखाली कोंबड्या. वारा सुटला की सगळी वस्ती एकदम सळसळायची, मग पुन्हा गप्प.

फुकनसाहेब गाडीशीच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक बाई ओणवी होऊन राहुटीत शिरत होती. तिच्या पाठीमागून तिचं शेरडू शिरलं.

“किती कुटुंबं अशी राहतात?” त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात भोगलेसाहेबांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. “सगळी म्हणा,” ते मराठीत पुटपुटले. “खोटं आहे का? सगळीच राहतात. आज.”

मी म्हटलं, “सगळी.” एवढंच. आज हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि मी तो गिळला.

त्यांनी वही काढली. काहीतरी लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघा मला साकवाच्या दोन कठड्यांसारख्या दिसल्या. खरंच सांगते, मला त्या क्षणी काडीची लाज वाटली नाही.

तेवढ्यात सरपंच आल्या. चंद्रावती घाडी, सगळे चंद्रावैनी म्हणत. पन्नाशीची, काटक बाई, पदर कमरेला खोचलेला, हाताला माशांचे खवले चिकटलेले.

“सायबानू, माफी करा हां,” त्या लांबूनच हात जोडत आल्या. “काल पाकळी डावी पडली, आज पण डावी. देवाक आजून दोन दिस आमचो गाव व्हयो हा. तेका काय सांगतलास? दिल्लीचे पावणे येतत, जरा लवकर आटप?”

फुकनसाहेबांना बाकी काही कळलं नाही, पण हात जोडलेले कळले. त्यांनीही जोडले. आणि मग इकडेतिकडे न बघता ते समोरच्या चटईवर मांडी घालून बसले. भोगलेसाहेबांना खुर्ची हवी होती. खुर्च्या गावात, कुलपात. तेही बसले.

चंद्रावैनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “गो बाय, साकवाचा सांगलंस?”

“सांगते. अजून निघालं नाही.”

“लवकर काढ. माझी सून बघ ती.” शेवटच्या राहुटीपाशी एक पोर कमरेवर हात देऊन उभी होती, पोट पुढं आलेलं. “शेवंता. आठवो चालू आसा. आमी पैलवाडीची. ओहोटीक होडी चिखलात रुतली तर मी तिका खांद्यार घेवन जाव काय?”

“सांगते ना वैनी.”

“पावणे गप्प गप्प कित्याक पण? कोण गेला तेंचा?”

“प्रवासानं दमलेत.”

“मगे गाणी म्हणाक व्हयी,” त्या म्हणाल्या आणि ओरडल्या, “गो पोरग्यांनो, येवा गो! फुगडी घाला!”

फुगडीला कोणाला दोनदा सांगावं लागत नाही. आठ-दहा बायका कातळावर उतरल्या. जोड्या जुळल्या, पाय वाजायला लागले. गावपळणीत घरची कामं नसतात. सारवण नाही, दळण नाही, झाडलोट नाही. बायका तीन दिवस माहेरी आल्यासारख्या असतात. गाणी तिथल्या तिथं होतात. एक ओळ एकीनं टाकायची, दुसरीनं झेलायची.

*रानात रवलंय सये, घर माझां दूर गं,*
*लाल लाल कौलांवर नाय आज धूर गं.*

फुकनसाहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. ते माझ्याकडे झुकले. “शब्द काय आहेत?”

“रानाबद्दल आहे,” मी म्हटलं. “रान आणि मैत्रीण.”

*ओटो माझो सारवलो, चिऱ्यांची पायरी गं,*
*एकटीच तुळस माझी उभी आसा दारी गं.*

“आणि हे?”

“तुळशीबद्दल. झाड. पवित्र मानतात.” हातातला रुमाल मी पिळत होते. भोगलेसाहेब कातळातल्या मुंग्या न्याहाळत होते.

मग चंद्रावैनी स्वतः उतरल्या. त्यांनी समोरच्या बाईचे हात धरले, मान मागे टाकली आणि गिरकी घेत म्हणाल्या:

*कपाटाक आरसो माझ्या, बघणारा कोण गं,*
*देवीबाय बघत आसतली आपलां तोंड गं!*

हसून हसून फुगडी मोडली. एक बाई खालीच बसली. म्हातारे पुरुष चिलमी बाजूला ठेवून हसले. फुकनसाहेब न समजताच हसायला लागले. “काय म्हणाली? सांगा ना, काय म्हणाली?”

मी काहीही सांगू शकले असते. चंद्र, तारे, नवऱ्याची मिशी. पण चंद्रावैनी धापा टाकत, घाम पुसत माझ्याकडेच बघत होत्या. “सांग, सांग तेंका!” डोळ्यांत ही एवढी ऐट. ते कपाट त्यांनी नऊ वर्षं काजू फोडून, पै पै साठवून घेतलं होतं, आरशाचं, जिल्ह्याच्या गावाहून होडीतून आणलेलं. आज त्याची कीर्ती दिल्लीला निघाली होती. आणि मी त्यांचं कपाट, घर, चिऱ्यांची पायरी सगळंच मघाशी एका शब्दात पुसून टाकलं होतं.

त्या कपाटाची चोरी माझ्याच्यानं होईना.

“साहेब,” मी इंग्रजीत म्हटलं, “त्या म्हणतात, घरी माझं आरशाचं कपाट आहे. मी इथं रानात, तर आरशात आता कोण बघत असेल? देवीच आपलं तोंड बघत असेल.”

“घरी?”

“यांना घरं आहेत. सगळ्यांना. चिऱ्यांची, कौलारू. आपण मघाशी पाहिलेलं गाव यांचंच. हे चार दिवस देवाच्या रिवाजानं इथं आलेत.” मी एका दमात सगळं सांगितलं. “मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धंच बोलले.”

त्यांनी वही उघडली. दोन रेघांचं ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. गेला साकव, मला वाटलं.

“आमच्याकडं पुरात लोक बांधावर अशाच झोपड्या घालतात,” ते सावकाश म्हणाले. “मला तेच दिसलं. पण तिथं कुणी गात नाही. माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.”

“काय म्हणतत?” चंद्रावैनींनी विचारलं. “कपाट आवाडला?”

आता त्यांनाही सांगणं भाग होतं. सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“आमका घरां नायत, असा सांगलंस?”

“तसं बोलले नाही, वैनी. तसं वाटू दिलं. साकवासाठी.”

“गो, माका साकव व्हयो आसा. भीक नको!” मग त्या वळल्या. “आणि तुमी वो भोगलेसायब? मुंगये मोजतास काय?”

भोगलेसाहेब उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

पुढं काय झालं असतं कोण जाणे, पण तेवढ्यात खालून शिंग वाजलं. सकाळी सगळ्या गावानं मिळून खाडीत जाळं टाकलं होतं, त्या मासळीचे वाटे पडायची वेळ झाली होती. बाबल मिराशी नावाचे एक म्हातारे कातळावर बसले. समोर सागाच्या पानांच्या ओळी, प्रत्येक राहुटीमागे एक पान. टोपलीत हात घालायचा, काळुंद्रं, शेतकं, बोयरी जे हाताला येईल ते पानावर ठेवायचं. भांडण चालू असलं तरी वाटे थांबत नाहीत. चंद्रावैनीसुद्धा आपल्या पानाशी जाऊन उभ्या राहिल्या.

फुकनसाहेब उठून तिथं गेले. आयुष्यभर वाटण्या करत आलेला माणूस. पानांच्या ओळीपुढं उकिडवे बसून एकेक पान बघू लागले.

“हे सारखे नाहीत,” ते मला म्हणाले. “यांना विचारा, चुकलंय का? या कडेच्या बावीस पानांवर दुप्पट आहे.”

मी विचारलं. बाबलआजोबांनी वर न बघताच उत्तर दिलं.

“ती पैलवाडीची. तेंका दोन वाटे.”

“का?”

“कित्याक म्हंजे? आमी घराकडसून अर्ध्या तासात हय इलो. ती गुरां घेवन वळशान इली, पाटेपासून सांज झाली. आमी आधी इलो, झऱ्याकडली जागा धरली. तेंका राहिली ती कडेची. पाणी आणूक चार खेपे जादा. पोट तेंचा जास्त रिकामा, मगे वाटो सारको कसो?”

“पण माणसं तर कमी आहेत त्यांची.”

आजोबांनी आता मान वर केली. डोळे मिचकावले. “बाये, तुझ्या सायबाक सांग, तोंडां मोजूक पोरगोय शिकता. पाय किती दुखतत ता कोण मोजतलो?”

मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. फुकनसाहेबांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले. मग वहीत देवनागरीतच लिहिले, मराठीत, माझ्याकडून अक्षरं तपासून. त्याखाली रेघबीघ मारली नाही.

“आणि पाव्हण्यांचो वाटो?” कुणीतरी ओरडलं.

बाबलआजोबांनी फुकनसाहेबांना न्याहाळलं. “खंयसून इलास?”

“दिल्लीहून,” मी म्हटलं.

“चलत?”

“विमानानं. मग गाडीनं.”

“जेवण?”

“रेस्ट हाऊसवर सांगितलंय,” भोगलेसाहेब बोलून गेले.

आजोबांनी टोपलीतून एक बोटाएवढी बोयर काढली आणि पानावर घालून अदबीनं फुकनसाहेबांपुढं धरली. सगळ्या ओळीतला सगळ्यात छोटा वाटा. सडा हसला. मी भीत भीत त्या प्रश्नांचं भाषांतर केलं. फुकनसाहेबांनी ते पान दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि इतके हसले की चष्मा घसरला. “तीस वर्षं मी लोकांची गरज मोजतोय,” ते म्हणाले. “माझी आज कुणीतरी बरोबर मोजली.”

चंद्रावैनींचा राग तिथं विरघळला. त्यांनी ती बोयर स्वतःच्या चुलीवर भाजून आणली.

जेवताना फुकनसाहेब त्यांना हिंदीत म्हणाले, “बहनजी, एक खरं सांगू? मी पूल देऊ शकत नाही. आमचा आयोग गावाला पैसे देत नाही. कसं वाटायचं, तो नेम तेवढा लिहून देतो.”

टीव्हीमुळं वैनींना हिंदी कळत होती, पण उत्तर त्या आपल्याच बोलीत देत, आणि मी ते पुढं सरकवत होते.

“मगे नेम लिवा,” त्या म्हणाल्या. “आमी काय म्हणतो? माझी पैलवाडी एकशे तीस तोंडांची. तेवड्यारच मोजलास तर आमच्या वाट्याक कधीच काय येवचा नाय. खाडी पण मोजा. वळसो मोजा. शेवंतेच्या पोटातला धरून एकशे एकतीस,” त्या हसल्या, “पण ता येताला तेव्हा खाडीत भरती आसा की ओहोटी, ताय मोजा.”

“मी एकटा नाही. बाकीचे सदस्य आहेत, वाद होतील. दीड वर्ष लागेल. आणि जमेलच असं नाही.”

“जमात नाय तर नाय. पण इचारलास, बघलास, खरा आयकलास. आता आमचा गाऱ्हाणा तुमच्या गळ्यात.”

निघताना मी गाडीत कोपऱ्यात अंग चोरून बसले. फुकनसाहेब पुढून म्हणाले, “तेंडोलकर, तुमचा तो परिच्छेद मी दिल्लीतच वाचला होता. झोपड्यांपेक्षा तो बळकट होता. पुन्हा त्याला कुबडी देऊ नका.” भोगलेसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर त्यांनी ऑफिसात मला यावर एक शब्द विचारला नाही. माझं टिपण मात्र त्यानंतर ते स्वतः दोनदा वाचूनच पुढं पाठवू लागले.

दोन दिवसांनी पाकळी उजवी पडली, गाव घरी गेला. शेवंताला सासूनं लगेच अलीकडे माहेरी धाडलं. पुढच्या महिन्यात, भरतीच्या वेळी, सुखरूप, मुलगी झाली.

अहवाल यायला दीड वर्ष लागलं. जाडजूड पुस्तक, निळ्या पुठ्ठ्याचं. मी ऑफिसात उभ्या उभ्या चाळलं. खेड्यांच्या निधीच्या प्रकरणात, खालून तिसऱ्या परिच्छेदात ते सापडलं. त्यांनी नुसती माणसं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं. गावांना पैसे वाटताना विस्तार, चढउतार, आणि मुख्य वस्तीपासूनचं अंतर यांनाही वजन. मोठं नव्हे. पण होतं. मी त्या पानाची झेरॉक्स काढली, दुपारची एस.टी. धरली, होडीत बसले आणि पैलवाडीत उतरले. त्या नेमानं जे पैसे आले त्यांतून आणि गावाच्या श्रमांतून पुढं साकव उभा राहिला, पण त्या दिवशी हातात एवढा एक कागद होता.

चंद्रावैनी खळ्यात कोकम वाळत घालत होत्या. मी वाचून, समजावून सांगितलं. त्यांनी हात पुसून कागद घेतला, उलटा-सुलटा केला.

“हेच्यात खारवण्याचा नाव आसा?”

“नाही.”

“पैलवाडीचा?”

“नाही वैनी.”

“आमच्या खाडयेचा तरी?”

“कुणाचंच नाही. जिथं जिथं पोचायला लांब पडतं, अशा सगळ्यांसाठी आहे. डोंगरातली, बेटांवरची, रानातली. हजारो असतील.”

त्या कोकमांकडे बघत बसल्या. मला वाटलं, हिरमुसल्या. साहजिकच होतं, एवढी वाट पाहिली, आणि नावसुद्धा नाही.

“म्हंजे,” त्या हळूहळू म्हणाल्या, “आमच्यासारख्यो पैलवाड्यो देशभर आसत.”

“हो.”

“आणि तेंकाय दोन वाटे.”

“दोन नाही, पण थोडा जास्त.”

त्यांनी कागदाची घडी घातली, पदराच्या गाठीत बांधली, आणि मोकळं हसल्या.

“मगे बरा झाला गो. एकट्याकच मिळाला आसता, तर खाताना लाज वाटली आसती.”